‘ला जेते’ची निवेदनपद्धत विद्यार्थी लघुपटात कशी आणायची

क्रिस मार्करचा ‘ला जेते’ हा १९६२चा फ्रेंच चित्रपट साधारण २८ मिनिटांचा आहे. तो जवळजवळ पूर्णपणे कृष्णधवल स्थिरचित्रांतून उभा राहतो. त्यातली पात्रं आपसांत बोललेली ऐकू येत नाहीत. सगळी गोष्ट एकच निवेदक सांगतो आणि तो आवाज झाँ नेग्रोनीचा आहे. फिल्म शिकणाऱ्यांना हा चित्रपट दाखवला की पुढच्या प्रोजेक्टला कुणीतरी हमखास फोटोंचा लघुपट करायला घेतं. सिंक साउंड (चित्रासोबतच रेकॉर्ड केलेला आवाज) लागत नाही, संवाद पाठ करावे लागत नाहीत, साधा स्टिल कॅमेरा पुरतो. हाती मात्र बहुतेक वेळा मागे आवाज लावलेला स्लाइड शो येतो, कारण चित्रपटातून फक्त स्थिरचित्रं उचललेली असतात. आवाजाने काय सांगायचं आणि चित्राने काय दाखवायचं याची मार्करने केलेली वाटणी तशीच मागे राहते. ती वाटणी समजून घेऊन सात-आठ मिनिटांच्या लघुपटात कशी वापरायची, याबद्दल हा लेख आहे.

आधी चित्रपट उलगडून घ्या

चित्रपट तीनदा बघा, तिन्ही वेळा वेगळ्या रीतीने. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा चित्र न बघता फक्त ऐका. भाषा कळत नसेल तर सबटायटल्स छापून समोर ठेवा. मग कुठलीही तीन मिनिटं निवडा आणि वहीत चार रकाने आखा: वेळ, चित्र, निवेदक काय म्हणतो, बाकी काय ऐकू येतं. प्रत्येक चित्राची एक ओळ भरा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळणाऱ्यांचीच फिल्म पुढे फसते.

रकाने भरले की काही गोष्टी लख्ख दिसतात.

निवेदक तृतीयपुरुषी आहे आणि त्याला नायकापेक्षा जास्त माहीत आहे. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर लहानपणी पाहिलेला एका बाईचा चेहरा या माणसाच्या मनात रुतून बसला आहे. आपण तेव्हा एका माणसाचा मृत्यू पाहिला, हे त्याला नंतर कळलं, असं निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो. तो मृत्यू त्या मुलाचा स्वतःचाच, मोठेपणीचा, हे कळतं शेवटी. हीच गोष्ट ‘मी’ने सांगितली असती तर उभी राहिली नसती, कारण मरणाऱ्याला स्वतःचं मरण असं शांतपणे मागे वळून सांगता येत नाही. तुमच्या गोष्टीत निवेदक ‘मी’ आहे की ‘तो/ती’, हा निर्णय म्हणूनच पटकथेच्या आधी घ्यावा लागतो.

निवेदक काळ मोजतो. तिसऱ्या महायुद्धानंतर जमिनीखाली राहणारे प्रयोगकर्ते या माणसाला, म्हणजे त्यांच्या कैद्याला, भूतकाळात पाठवतात. तिथे निवेदन दिवसांवर चालतं. दहाव्या दिवशी प्रतिमा उमटू लागतात, सोळाव्या दिवशी तो ओर्लीच्या धक्क्यावर (विमानं बघायच्या लांब सज्जावर) असतो, तिसाव्या दिवशी त्या बाईशी भेट होते, पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास ती दोघं प्राण्यांच्या संग्रहालयात असतात. स्थिरचित्राला स्वतःचा काळ नसतो. एक फोटो क्षणाचा आहे की महिन्याचा, हे तो स्वतः सांगू शकत नाही. ते काम आवाज करतो.

निवेदक चित्राचं वर्णन जवळजवळ कधीच करत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो गप्प बसतो. संपूर्ण चित्रपटात खरी हालचाल एकदाच आहे. झोपलेली बाई (एलेन शातलां) डोळे उघडते आणि आपल्याकडे बघते, अवघे काही सेकंद. त्याआधी तिच्या झोपेतल्या चित्रांचे डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) एकमेकांत अधिकाधिक मिसळू लागतात, पाखरांचा कलकलाट वाढत जातो आणि निवेदक एक अक्षरही बोलत नाही. इतका वेळ सगळं सांगणारा आवाज थांबला म्हणून ती उघडझाप अंगावर येते.

गोष्ट या पद्धतीला मानवते का, ते तपासा

स्थिरचित्र आणि निवेदन ही जोडी आठवणीच्या, वाट पाहण्याच्या, होऊन गेलेल्या घटनेच्या गोष्टींना शोभते. भांडण, पाठलाग, विनोदी सवालजवाब यांना नाही. कसोटी सोपी आहे: गोष्ट दोन वाक्यांत सांगा आणि त्यातली मुख्य क्रिया ‘आठवणं’, ‘शोधणं’, ‘परत जाणं’ अशा जातीची आहे का बघा. ‘त्याने तिला खोटं बोलताना पकडलं’ अशी क्रिया असेल तर संवाद घेऊन साधी फिल्म करा.

पुढच्या टप्प्यांसाठी एक काल्पनिक उदाहरण धरू. उजनीच्या जलाशयात पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं. अशाच एका बुडालेल्या गावातून लहानपणी उठलेली बाई बऱ्याच वर्षांनी ते देऊळ बघायला जाते. लांबी ८ मिनिटं.

इथे मार्करचे मोजलेले दिवस जसेच्या तसे उचलले तर ती नक्कल होईल. या गोष्टीला स्वतःचं घड्याळ आहे, ते म्हणजे पाण्याची पातळी. ‘पाणी चार फूट उतरतं. कळस.’ ‘पाणी अकरा फूट उतरतं. सभामंडप.’ तंत्र तेच, मोजमाप गोष्टीतून आलेलं. प्रभाव पचला की नुसता चिकटवला, हे अशा जागी ओळखू येतं.

निवेदन लिहिणं: मराठीत नेमकं काय अडतं

आधी हिशेब. संथ निवेदनात मराठी आवाज मिनिटाला साधारण ९५ ते ११० शब्द बोलतो. ८ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. त्यातला आवाज २६० सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे पूर्ण निवेदन ४३० शब्दांच्या आसपास. पहिला खर्डा हटकून ९०० शब्दांचा होतो. तो अर्धा करताना सगळ्यांत आधी काय कापायचं हे ठरलेलं आहे: जे फोटोत दिसणार आहे ते.

हे बघा:

‘पाणी उतरलं होतं. देऊळ दिसत होतं. ती पायऱ्या उतरत होती. तिचे डोळे भरून आले होते.’

यात दोन दोष आहेत. चारही गोष्टी चित्रात दिसणार आहेत, त्यामुळे आवाज वाया गेला. दुसरा दोष खास आपल्या भाषेतला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणून प्रत्येक वाक्य ‘होतं’वर उतरतं, निवेदकाचा सूर दर वेळी त्याच पायरीवर पडतो आणि कट नेमका त्या निर्जीव शब्दावर बसतो. पाचव्या वाक्याला प्रेक्षक ऐकणं सोडून देतो.

उपाय मूळ चित्रपटातच आहे. प्रयोगाच्या भागात निवेदक क्रियापदच गाळतो. शांततेच्या काळातली एक खोली, खरी खोली, खरी मुलं, खरे पक्षी, खऱ्या मांजरी, अशी नुसती नामं एकामागून एक येतात आणि प्रत्येक नामावर नवं चित्र बसतं. मराठीला ही रचना सहज पेलते:

‘सव्वीस वर्षांनी ती इथे आली आहे. आजी याच पायऱ्यांवर तांदूळ निवडायची. अकरा पायऱ्या. आज सात.’

चित्रात फक्त तिची पाठमोरी आकृती आणि गाळात गेलेल्या पायऱ्या. बाकीच्या चार पायऱ्या गाळाखाली आहेत हे कुणी सांगत नाही, प्रेक्षक स्वतः मोजतो.

सगळं निवेदन मात्र असं तुटक करू नका. सलग आठ मिनिटं नामंच ऐकली की ती यादी वाटते. दोन लांब, श्वास घेऊन बोलायची वाक्यं आणि मग तीन तुटक, असा चढउतार ठेवा. लांब वाक्याचा शेवटही वजनदार शब्दावर आणता येतो: ‘तिला आठवते ती फक्त चुलीजवळची आजी.’

काळाचंही भान हवं. ‘ला जेते’त बालपण भूतकाळात येतं आणि प्रयोग वर्तमानकाळात. आठवण मागे पडलेली, पण तिच्यात परत जाणं आत्ता घडतंय. मराठीत बालपणासाठी रीतीभूतकाळ घ्या (‘आजी निवडायची’, ‘घंटा वाजायची’) आणि देवळाकडे जाणं वर्तमानात ठेवा. एक धोका आहे. ‘ती येते, बसते, वर बघते’ असं सलग लिहिलं की ती नाटकातली रंगसूचना वाटते. म्हणून वर्तमानकाळी परिच्छेदाची सुरुवात पाण्याच्या मापाने करा. ऐकणाऱ्याला काळ लगेच कळतो. दोन्ही काळ एकाच परिच्छेदात मिसळू देऊ नका.

पात्रांना नावं द्यायची गरज नाही, मूळ चित्रपटातही ती नाहीत. ‘जणू’, ‘क्षणभर’, ‘नकळत’ हे शब्द शोधून काढून टाका. ते लेखनाला हळवं करतात आणि निवेदकाची खात्री घालवतात. या निवेदकाला सगळं माहीत आहे. तो अंदाज बांधत नाही.

छायाचित्रण

एक चित्र सरासरी साडेपाच सेकंद धरलं तर ८ मिनिटांना ८५ ते ९० चित्रं लागतात. प्रत्येकासाठी ८ ते १० फ्रेम काढा, म्हणजे ७०० ते ९०० फोटो. दोन पूर्ण दिवस पुरतात.

फोटो ३:२ मापाचा असतो आणि टाइमलाइन (एडिटिंग सॉफ्टवेअरमधली जुळणीची पट्टी) १६:९. ६०००×४००० पिक्सेलचा फोटो कापून ६०००×३३७५ होतो, म्हणजे उंचीतला जवळजवळ सोळा टक्के भाग जातो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वरखाली कागदी टेपच्या बारीक पट्ट्या लावा, नाहीतर डोक्यावरची मोकळी जागा एडिटला बसल्यावर नाहीशी होते. १९२० पिक्सेलच्या टाइमलाइनवर या फोटोला तिपटीपर्यंत जवळ जायला वाव आहे. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोला (४०००×३०००) फक्त दुपटीपर्यंत. मोबाइल वापरत असाल तर एचडीआर, नाइट मोड आणि पोर्ट्रेट मोड बंद करा. खोटी धूसर पार्श्वभूमी मोठ्या पडद्यावर केसांच्या कडेला फाटते.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा, शेवटी कृष्णधवल करणार असलात तरीही. ऑटोवर काढलेल्या दोन फोटोंचा डिझॉल्व्ह केला की उजेड मध्येच लुकलुकतो. एका प्रसंगाला एकच लेन्स आणि एकच आयएसओ. फोटो रॉमध्येही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या, पांढरं आकाश आणि काळा दगड एकत्र आले की जेपीईजीत आकाश हाती लागत नाही.

नटांना ‘स्टॅच्यू’ म्हणून थांबवू नका. थांबलेलं शरीर थांबलेलंच दिसतं आणि सगळं लग्नाच्या अल्बमसारखं होतं. त्यांना प्रसंग पूर्ण करू द्या, बर्स्टवर (एकापाठोपाठ झटपट) फोटो काढा, आणि निवडताना क्रियेच्या ऐन मधली फ्रेम टाळा. हात कळशीला लागण्याआधीचा किंवा कळशी सोडल्यानंतरचा क्षण घ्या. मधली क्रिया प्रेक्षकाच्या मनात पूर्ण झाली की चित्र चालतं. शटर १/१२५ पुरतं. जिथे धूसर हालचाल मुद्दाम हवी तिथे १/१५.

जलाशयाच्या काठाच्या गाळाबद्दल सांगायलाच हवं. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि पाय आत जातो. पुढे जाण्याआधी गावातल्या माणसाला विचारा, होडीत लाइफ जॅकेटशिवाय बसू नका.

आवाज

निवेदकासाठी जाहिरातीचा गोळीबंद आवाज शोधू नका. वाचनाची सवय असलेला, वाक्याचा अर्थ कळून बोलणारा माणूस हवा. दु:ख आवाजात आणू नकोस एवढंच सांगा. नेग्रोनीचा आवाज बातमी सांगितल्यासारखा सपाट नाही आणि रडवेलाही नाही. तो समजुतीने बोलतो, घाई न करता. च, ज, झ यांचे दोन्ही उच्चार (‘चमचा’ आणि ‘चित्र’, ‘जग’ आणि ‘जीव’) तपासा. एक चुकला तरी माहीतगार निवेदक क्षणात वाचक होतो.

गाद्या, रजया आणि कपड्यांचं कपाट असलेली खोली घ्या. पंखा आणि फ्रिज बंद. तोंडापासून माइक १५ ते २० सेंटिमीटर, किंचित बाजूला, कारण फ, भ, थ, ध यांचा श्वास थेट माइकवर आदळतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक परिच्छेद तीनदा घ्या आणि शेवटी खोलीतली शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. वाक्यांमधली फट तिनेच भरायची असते. पूर्ण नि:शब्द फट ऐकणाऱ्याला बिघाड वाटते.

जुळणी

आधी मोबाइलवर कच्चा आवाज रेकॉर्ड करून टाइमलाइनवर टाका, मग त्यावर चित्रं. उलट क्रमाने गेलात तर वाक्यं चित्रांच्या मापाने कापावी लागतात आणि निवेदनाचा श्वास जातो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. प्रोजेक्ट सेकंदाला २५ फ्रेमचा करा.

प्रत्येक वाक्याला नवं चित्र, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. प्रेक्षकाला तिसऱ्या वाक्यापर्यंत ताल कळतो आणि पुढचं सगळं आधीच ठाऊक होतं. चित्र शब्दाच्या एक सेकंद आधी आणा किंवा शब्द संपून दोन सेकंदांनी बदला. काही चित्रं दोन सेकंद, काही बारा. एखादं चित्र पूर्ण शांततेत, एखादं तीन वाक्यांखाली. प्रसंगात कट, काळ ओलांडताना १२ ते २४ फ्रेमचा डिझॉल्व्ह. प्रत्येक फोटोवर हळू झूम लावायचा मोह आवरा. जिथे लावाल तिथे सहा सेकंदांत तीन ते पाच टक्के, त्याहून अधिक नाही.

पडद्यावर डिजिटल फोटो मेल्यासारखा का दिसतो? मार्करचे फोटो पुन्हा चित्रपटाच्या फिल्मवर घेतलेले होते. त्यामुळे चित्र स्थिर असलं तरी फिल्मचे कण प्रत्येक फ्रेममध्ये बदलत राहतात. डिजिटल स्थिरचित्रात काहीच बदलत नाही आणि प्रेक्षकाला व्हिडिओ अडकला असं वाटतं. पूर्ण टाइमलाइनवर हलत्या ग्रेनचा (अशा कणांचा) हलका थर घाला. तो नजरेत भरू नये, पण काढला की कळावा. फोटोवरच ग्रेन लावून निर्यात केला तर तोही गोठतो आणि उपयोग शून्य.

हलणारा एकच शॉट

हा हवाच असं नाही. घेतलात तर तो दुसऱ्यांदा येऊ देऊ नका. आपल्या उदाहरणात देवळाच्या दारातलं हलणारं पाणी हा पहिला सुचणारा पर्याय असेल, पण तो दुबळा आहे. पाणी हलतंच, त्यात कुणाचा निर्णय नाही. मार्करची बाई डोळे उघडून आपल्याकडे बघते, त्यात माणूस आहे. चुलीपुढची आजी मान वर करून बघते, एवढं पाच सेकंद, हे त्या जातीचं आहे.

त्या जागेचे फोटो आणि शॉट एकाच बैठकीत, एकाच कॅमेऱ्याने, ट्रायपॉड न हलवता घ्या. २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्याखालीही लुकलुक येत नाही. व्हिडिओचा कॉन्ट्रास्ट फोटोशी जुळवा, नाहीतर हालचालीच्या आधी रंगातला फरकच जाणवतो आणि प्रेक्षक सावध होतो. आधीची २५-३० सेकंदं आजीचेच पाच-सहा फोटो ४० ते ५० फ्रेमच्या डिझॉल्व्हने एकमेकांत सोडा. निवेदन बंद. फक्त चुलीचा, बांगड्यांचा आवाज वाढत जाऊ द्या. शॉट संपल्यावर लगेच कट, आणि निवेदक निदान पाच सेकंद बोलत नाही.

बाकीच्या ध्वनीबद्दल थोडक्यात. ‘ला जेते’त प्रयोगाच्या वेळी हृदयाचे ठोके आणि जर्मन कुजबुज ऐकू येते. तो सगळा ध्वनी नंतर रचलेला आहे. तुम्हीही जागेवरचे दहा-बारा आवाज वेगळे रेकॉर्ड करून आणा: पंपाचं इंजिन, टिटवी, गाळात रुतणारं पाऊल. निवेदनाची सर्वोच्च पातळी उणे १० ते उणे ६ डेसिबल, आसपासचे आवाज त्याहून वीसएक डेसिबल खाली. बासरी लावू नका. ती प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते आधीच सांगून टाकते.

पहिली जुळणी झाली की फिल्म न पाहिलेल्या दोघांना बसवा. एकाला फक्त आवाज ऐकवा, दुसऱ्याला फक्त चित्र दाखवा. पहिल्याला सगळी गोष्ट कळली तर तुम्ही नभोनाट्य केलं आहे, शब्द कापा. दुसऱ्याला सगळं कळलं तर निवेदनाची गरजच नाही. दोघांकडे गोष्टीचे वेगवेगळे तुकडे असायला हवेत आणि एकमेकांशी बोलल्यावर ती पूर्ण व्हायला हवी.

प्रभावाचं टिपण

अभ्यासक्रमात फिल्मसोबत बहुधा प्रक्रियेचं टिपणही द्यावं लागतं. तिथे ‘आम्ही ‘ला जेते’पासून प्रेरणा घेतली’ या वाक्याला गुण मिळत नाहीत, कारण त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक उसनवारीसाठी चार गोष्टी लिहा: मूळ चित्रपटात ते कुठे आहे, तिथे ते काय काम करतं, तुमच्या फिल्ममध्ये कितव्या मिनिटाला आहे, आणि तुम्ही काय बदललं व का. उदाहरणार्थ:

‘मूळ चित्रपटात निवेदक प्रयोगाचे दिवस मोजतो, त्यामुळे स्थिरचित्रांना काळ मिळतो. आमच्या फिल्ममध्ये (१:४०, ३:०५, ५:२०) निवेदक ओसरलेल्या पाण्याची फुटांत नोंद करतो. आमच्या नायिकेला काळ मागे नेणारी गोष्ट पाणी आहे, म्हणून दिवस मोजले नाहीत.’

जे घेतलं नाही तेही नोंदवा. मूळ निवेदक शेवट सुचवून सुरुवात करतो, तुमच्या गोष्टीत शेवटी कुणी मरत नसेल तर ती रचना सोडली आणि तिच्या जागी काय आणलं, हे लिहा. पहिल्या खर्ड्यातलं आणि अंतिम निवेदनातलं एकच वाक्य शेजारी ठेवून दाखवा. परीक्षकाला तंत्र कळल्याचा पुरावा तिथे सर्वांत लवकर सापडतो.